मार्कोनीची टेकडी आणि आपला डोंगर



या वेळच्या पाठनिबंधासाठी गुल्येल्मो मार्कोनीचं चरित्र घेतलं आहे. विज्ञान दिनाच्या भाषणात मुलं नेहमी सांगतात ते चरित्र हेच, पण मी ते जरा वेगळ्या कारणासाठी सांगणार आहे. आपल्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या पालकसभांत एक प्रश्न हमखास निघतो. गावठाणात कुणाच्या तरी घरी वायफाय आलेलं असतं. शाळा किंवा वस्ती मात्र ओढ्यापलीकडे, तिथे मोबाईलला रेंजची एक दांडीसुद्धा नाही. मग दोन डिश बसवून इकडचं नेट तिकडे नेता येईल का?

येतं. याला वायरलेस ब्रिज म्हणतात. एक डिश नेट असलेल्या घरावर आणि दुसरी पलीकडच्या छपरावर बसवायची. मध्ये वायर नाही, तरी वायर टाकल्यासारखंच काम होतं. पण डोंगर मध्ये असेल तर? इथेच मार्कोनीची गोष्ट आपल्याला फसवते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील ज्युसेप्पे जमीनजुमला असलेले गृहस्थ. आई अ‍ॅनी जेमसन आयर्लंडची, दारूच्या मोठ्या कारखानदार घराण्यातली. या मुलाचं शालेय शिक्षण तुटक झालं आणि विद्यापीठात त्याने रीतसर प्रवेशही घेतला नाही. पण घरी विजेचे प्रयोग चालायचे. शेजारी राहणाऱ्या आउगुस्तो रीगी या प्राध्यापकांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत येऊ दिलं. वडिलांना हे सगळं खुळ वाटायचं. मुलाच्या पाठीशी उभी राहिली ती आई. (पालकसभेत चरित्राचा एवढा भाग जरूर सांगा.)

१८८८ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिक हर्ट्झने विजेच्या ठिणगीतून न दिसणाऱ्या लहरी निघतात हे सिद्ध केलं होतं. १८९४ मध्ये हर्ट्झ अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याच्या कामाबद्दल वाचताना वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात आलं की या लहरींवरून निरोप पाठवता येईल. पोन्तेक्क्योच्या घरी माळ्यावर त्याने प्रयोग मांडला. खोलीच्या एका टोकाला ठिणगी आणि दुसऱ्या टोकाला घंटी. घंटी वाजली. मग तो खोलीतून अंगणात आणि अंगणातून शेतात गेला.

हा क्रम आपल्यालाही उपयोगी आहे. ब्रिजची दोन्ही यंत्रं आधी घरात एकाच टेबलावर ठेवून जोडून बघायची. एकाला मुख्य करायचं, दुसऱ्याला त्याच्याशी जोडायचं. दोघांना वेगवेगळे आयपी नंबर द्यायचे आणि मोबाईलना नंबर वाटायचं काम एकट्या मुख्य राउटरकडेच ठेवायचं. दोन ठिकाणांहून नंबर वाटले गेले की कुणाचं नेट चालतं, कुणाचं नाही आणि कारण काही केल्या सापडत नाही. टेबलावर चाललं तरच शिडी काढायची. छपरावर चढल्यावर बिघाड केबलचा, सेटिंगचा की अंतराचा हे ओळखणं फार अवघड जातं.

आता टेकडीचा प्रसंग. १८९५ साली मार्कोनीने दोन बदल केले. यंत्राची एक तार उंच टांगली आणि दुसरी जमिनीत पुरली. अंतर एकदम वाढलं. मग त्याने मोठा भाऊ अल्फोन्सोला ऐकायचं यंत्र आणि बंदूक देऊन घरासमोरच्या टेकडीपलीकडे पाठवलं. टेकडीमुळे भाऊ दिसत नव्हता, म्हणून खूण ठरली बंदुकीच्या बाराची. मार्कोनीने बटण दाबलं आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. अंतर दीड-दोन किलोमीटरचं.

गोष्ट खरीच आहे. पण ती ऐकून मुलंच काय, मोठी माणसंही समजतात की बिनतारी लहरी डोंगर सहज ओलांडतात. सगळ्या नाही ओलांडत. उंच तार आणि जमिनीतली तार यांमुळे मार्कोनीच्या लहरी खूप लांब झाल्या होत्या. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते, आखूड लहर अडते. भाटघर धरणाच्या पाण्यात एखादा खडक डोकं वर काढून असतो, त्याच्याकडे बघा. मोठी लाट खडकाला वळसा घालून मागे पुन्हा जुळते. बारीक तरंगांना मात्र खडकामागे जागाच मिळत नाही, तिथलं पाणी शांत असतं. वायफायच्या लहरी या बारीक तरंगांसारख्या. एका प्रकारची लहर अर्ध्या वितेएवढी, दुसऱ्या प्रकारची जेमतेम तीन बोटं. डोंगर सोडाच, दगडी भिंतीच्या दोन खोल्यासुद्धा त्यांना जड जातात. तेव्हा मध्ये तोरण्याची सोंड आडवी आली असेल तर महागातली डिश घेऊनही काही होणार नाही, वर्गणीचे पैसे जातील. त्याला उपाय एकच. दोन्ही बाजूंनी दिसेल असं खिंडीतलं किंवा माथ्यावरचं एखादं घर शोधायचं, अलीकडून तिथपर्यंत एक ब्रिज आणि तिथून पलीकडे दुसरा. माथ्यावर वीज नसेल तर सोलर लागेल, म्हणजे खर्च वाढला.

पुढची काही वर्षं झटपट सांगते. इटलीत आधार मिळाला नाही, म्हणून १८९६ च्या सुरुवातीला आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथल्या टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला मदत केली. पेटंट झालं, कंपनी झाली, आणि १८९९ मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीवरून निरोप गेला.

इथे मोबाईलवर फिरणारा एक निरोप आठवतो, की रेडिओचा खरा शोध जगदीशचंद्र बोस यांचा आणि मार्कोनीने तो चोरला. मुलं विचारतातच. बोस यांनी कलकत्त्यात, मार्कोनीच्या जाहीर प्रयोगांच्याही आधी, अतिशय आखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटी वाजवून दाखवली होती. लहरी पकडणारं पाऱ्याचं एक साधन त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९०१ च्या प्रयोगात मार्कोनीने वापरलेलं साधन त्याच्याच जातीचं होतं. हे श्रेय त्यांना मिळायलाच हवं. पण पेटंट आणि धंदा यांत बोस यांना रस नव्हता आणि दूरवर निरोप पाठवायची यंत्रणा त्यांनी उभारली नाही. दोघांची कामं वेगळी होती असं माझं मत. आज काही महागडे ब्रिज पाच मिलिमीटरच्या लहरींवर चालतात. बोस यांनी प्रयोगात वापरलेल्या लहरी थेट तिथपर्यंत पोचतात.

१२ डिसेंबर १९०१. मार्कोनी अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या टेकडीवर. वाऱ्यात पतंग उडवून त्याला तार बांधलेली. इंग्लंडमधल्या पोल्धू केंद्रावरून मोर्सचे तीन ठिपके, म्हणजे एस हे अक्षर, पाठवलं जात होतं. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर, मध्ये पृथ्वीची गोलाई. मार्कोनीने आणि त्याच्या सहकाऱ्याने ते ऐकलं असं जाहीर केलं. काही अभ्यासकांना आजही शंका आहे, कारण पुरावा फक्त त्यांच्या कानांचा. पण पुढच्याच वर्षी जहाजावरून त्याने कागदी पट्टीवर उमटलेले संदेश मिळवले. या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, हे शास्त्रज्ञांनी नंतर उलगडलं.

१९०३ चा प्रसंग सहसा चरित्रांत येत नाही, पण मला तो फार आवडतो. आपली यंत्रणा ठरावीक लहरीवर जुळवलेली असल्याने तिच्यात दुसऱ्याला ढवळाढवळ करता येत नाही असा मार्कोनीचा दावा होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाहीर प्रयोग ठरला. नेव्हिल मॅस्केलिन नावाचा जादूगार जवळच आपलं यंत्र घेऊन बसला आणि मार्कोनीचा संदेश यायच्या आधीच त्याने टिंगलीचे शब्द पाठवून दिले! सभागृहातलं यंत्र ते इमानेइतबारे टिपू लागलं. घराचा ब्रिज बसवताना कंपनीने दिलेला पासवर्ड बदलायचा तो यासाठीच. आणि शेजाऱ्याचा वायफाय त्याच चॅनेलवर असेल तर कुणी खोडी काढलेली नसतानाही नेट अडखळतं. चॅनेल बदलून बघायचा.

१९०९ मध्ये कार्ल फर्डिनंड ब्राउन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं तेव्हा मदतीची हाक देणारे दोघं तरुण मार्कोनी कंपनीचेच नोकर होते. सातशेच्या वर माणसं वाचली ती त्या हाकेमुळे. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. लांब लहरींसाठी प्रचंड केंद्रं आणि अफाट वीज लागायची. पन्नाशीच्या सुमारास मार्कोनीने आपलीच वाट सोडली. सहकारी चार्ल्स फ्रँकलिन याच्यासोबत तो आखूड लहरींकडे वळला, आणि त्या चहूकडे न उधळता तारांच्या पडद्याने एकाच दिशेला सोडू लागला. ही बीम पद्धत. बॅटरीचा झोत आणि उघडा दिवा यांत जो फरक, तोच इथे. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला आणि सप्टेंबर १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली. भारतातली केंद्रं कुठे? पाठवायचं खडकीला आणि ऐकायचं दौंडला! भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं, आणि खेड्यातल्या माणसाला या तारेचा काही उपयोग नव्हता. सोय होती ती सरकारची आणि व्यापाऱ्यांची.

पाठवणं आणि ऐकणं एवढं लांब का ठेवलं, हे मुलांना विचारा. देवळात लाउडस्पीकर लागला की त्याच्या शेजारी बसलेल्याला कुणाची कुजबुज ऐकू येईल का? खडकीच्या आवाजात इंग्लंडची बारीक हाक बुडाली असती. माथ्यावरच्या घरी दोन ब्रिज जोडणार असाल तर हेच ध्यानात ठेवा. दोन डिश एकाच खांबावर चिकटवू नका, आणि दोघींना वेगळे चॅनेल द्या.

आपल्या कामाचा मार्कोनी मात्र याच्याही पुढचा आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याने व्हॅटिकन ते पोपमहाराजांचं उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो, असा साधारण वीस किलोमीटरचा टेलिफोनचा बिनतारी दुवा सुरू करून दिला. लहर अर्ध्या मीटरच्या आसपास आणि दोन्ही टोकांना वक्र आरसे. दोन घरं, दोन डिश, मध्ये मोकळी हवा. टेकडीच्या गोष्टीपेक्षा आपला वायरलेस ब्रिज या घराण्यातला आहे.

मोकळी हवा म्हणजे किती? एक किलोमीटरच्या ब्रिजला मधोमध, सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी साडेतीन-चार मीटर जागा मोकळी हवी. नुसती डिश दिसून भागत नाही. आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. मे महिन्यात ब्रिज लावला, झकास चालला. जुलैत बसला. सगळे पावसाला दोष देतात, पण एवढ्या अंतरात पावसाने या लहरींचं फारसं बिघडत नाही. मे महिन्यात साग निष्पर्ण होता, जूनमध्ये त्याला पानं फुटली, आणि ती ओली मोठाली पानं वाटेत आली. खांब उंच करा किंवा जागा बदला. पाऊस आत शिरतो तो केबलच्या टोकातून. म्हणून डिशच्या खाली केबलला एक झोळ द्यायचा, पाणी तिथूनच गळून जातं. डिश फिरवताना ॲपवर सिग्नलचा आकडा दिसतो, तो वजा असतो. वजा ६० चांगला, वजा ८० वाईट. (वरच्या वर्गांना ऋण संख्या शिकवताना याहून सोपं उदाहरण मला मिळालेलं नाही.) वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.

मार्कोनीची एक बाजू लपवू नये. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला, पुढे सरकारी अकादमीचा अध्यक्ष झाला आणि शेवटपर्यंत त्या राजवटीसोबत राहिला. मोठ्या मुलांना हेही सांगावं. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं. त्याला आदरांजली म्हणून रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं.

वर्गासाठी उपक्रम असा. उन्हाच्या दिवशी एका गटाने शाळेच्या छपराजवळ उभं राहायचं, दुसऱ्याने मोठ्या माणसांसोबत पलीकडच्या वस्तीवर. प्रत्येकाकडे एक आरसा. एकमेकांकडे कवडसा पाडायचा आणि कवडसा दिसला की हात वर करायचा. जिथून तो स्वच्छ दिसतो तिथे चुन्याने खूण करून ठेवा. आणि साग पालवल्यावर, उघडीप मिळेल त्या दिवशी, त्याच खुणेवरून पुन्हा एकदा बघा.