रेव्हरंड चार्ल्स सिमियन व त्यांचे तरुण सोबती

नाशिकजवळील शरणपूर हें ख्रिस्ती गांव आपल्यापैकीं पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. तें १८५४ सालीं चर्च मिशनरी सोसायटीनें वसविलें. ही सोसायटी १७९९ सालीं लंडन शहरीं स्थापन झाली, तेव्हां तिच्या स्थापनेसाठीं झटणाऱ्यांत केंब्रिज येथील पाळक रेव्हरंड चार्ल्स सिमियन हे होते. परंतु संस्था उभारण्यापेक्षांही मोठें असें एक काम देवानें त्यांजकडून करून घेतलें; तें तरुण सेवक घडविण्याचें होय.

सिमियन यांचा जन्म इंग्लंडांतील रेडिंग गांवीं ता. २४ सप्टेंबर १७५९ रोजीं एका सधन कुटुंबांत झाला. १७७९ सालीं ते केंब्रिजच्या किंग्स कॉलेजांत आले. तेथें प्रत्येक विद्यार्थ्यानें प्रभुभोजन घेतलेंच पाहिजे असा नियम होता. आपण त्यास अपात्र आहों या जाणिवेनें त्यांचें मन व्याकुळ झालें, व त्याच वर्षीं ईस्टरच्या सणास ख्रिस्ताच्या ठायीं पापक्षमा मिळून त्यांस शांति लाभली.

१७८२ सालीं, अवघ्या तेवीस वर्षांच्या वयांत, त्यांची तेथील होली ट्रिनिटी मंडळीवर नेमणूक झाली. लोकांस दुसरा पाळक हवा होता. त्या काळीं मंदिरांतील बैठकांस दारें असत. लोकांनीं त्यांस कुलपें लावून येणें सोडलें. जे ऐकावयास येत त्यांस वाटेंत उभें राहावें लागे. त्यांच्याकरितां सिमियन यांनीं स्वखर्चानें बांकें मांडलीं, तीं मंडळीच्या कारभाऱ्यांनीं बाहेर फेकून दिलीं. हा विरोध दहा वर्षांहून अधिक काळ चालला. तरी ते भांडत बसले नाहींत, कीं मंडळी सोडूनही गेले नाहींत.

तथापि ते स्वभावानेंच नम्र होते असें कोणीं समजूं नये. ते तापट होते, व त्यांच्या वागण्यांत कांहींसा ताठा होता. केंब्रिजपासून सुमारें बारा मैलांवर येलिंग गांवीं हेन्री व्हेन नांवाचे वृद्ध पाळक राहत. त्यांजकडे सिमियन सल्ल्यासाठीं जात. एकदां ते परत गेल्यावर व्हेन यांच्या मुली पाहुण्याच्या रीतीभातीस हंसूं लागल्या. बापानें त्यांस बागेंत नेऊन पीचचें फळ तोडून आणावयास सांगितलें. उन्हाळ्याचा आरंभ असल्यामुळें फळ अगदीं हिरवें होतें. तेव्हां त्यानें त्यांस समजाविलें कीं, फळ आज हिरवें आहे, परंतु थोडें ऊन व थोडा पाऊस लागला म्हणजे तें गोड होईल. सिमियन यांचेंही तसेंच आहे.

त्या पिकण्यास पुष्कळ दिवस लागले. एका मित्राच्या घरीं चाकरानें विस्तव नीट सारला नाहीं म्हणून सिमियन यांनीं त्याच्या पाठींत धपाटा घातला, व निघतांना घोड्याचा लगाम चुकला म्हणून पुन्हां संतापले. मित्रानें चाकराच्या नांवानें पत्र लिहून त्यांच्या पिशवींत ठेविलें. इतका चांगला उपदेश करणारा मनुष्य क्षुल्लक कारणानें असा कां तापतो, असें त्यांत विचारिलें होतें. सिमियन यांनीं उलट दोष दिला नाहीं. त्यांनीं उत्तर धाडिलें, व सही करितांना आपण गर्विष्ठ व तापट आहों असें स्वतःच्या हातानें लिहिलें.

ज्यास इतकें सोसून घेतलें गेलें, त्यानें इतरांसही सोसून घेतलें. उपदेश कसा तयार करावा व कसा सांगावा हें विद्यापीठांत कोणी शिकवीत नसे. तें सिमियन विद्यार्थ्यांस आपल्या खोलींत शिकवूं लागले. पुढें शुक्रवारीं संध्याकाळीं त्यांचें दार सर्वांस मोकळें असे. चहा पाजून ते तरुणांच्या शंकांस उत्तरें देत. या तरुणांस लोक सिमियनचे चेले म्हणून हिणवीत. तरी दरवर्षीं नवे येत, व पाळक होऊन गांवोगांव जात.

त्यांतील उत्तम माणसें त्यांनीं स्वतःजवळ राखून ठेविलीं नाहींत. हेन्री मार्टिन १८०३ सालीं त्यांचे मदतनीस झाले, व १८०५ सालीं हिंदुस्थानास निघाले. येथें त्यांनीं नवा करार उर्दूंत आणिला. १८०८ सालीं दुसरे मदतनीस टॉमस टॉमसन हेही कलकत्त्यास गेले. मार्टिन पुन्हां भेटले नाहींत. १८१२ सालीं तुर्कस्थानांत टोकाट येथें एकतिसाव्या वर्षीं ते वारले. त्यांचें चित्र कलकत्त्याहून आलें तें पाहून सिमियन यांस रडूं आवरेना. तें त्यांनीं आपल्या खोलींत टांगिलें, व तें आपणांस वेळ फुकट न घालविण्याची आठवण देतें असें ते भेटावयास येणाऱ्यांस सांगत. ज्यास त्यांनीं शिकविलें होतें, त्याच्यापासून ते म्हातारपणीं शिकत होते.

एकाच मंडळींत चोपन्न वर्षें सेवा करून ता. १३ नोव्हेंबर १८३६ रोजीं ते प्रभूकडे गेले. ज्या गांवानें एकदां बैठकांस कुलपें लाविलीं, त्याच गांवानें त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीं आपलीं दुकानें बंद ठेविलीं.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळींतही एखादा तरुण मास्तर किंवा उपदेशक असेल, ज्याचें बोलणें अजून रांगडें आहे व ज्याच्या चुका सर्वांच्या डोळ्यांवर येतात. त्यास हंसणें सोपें आहे. परंतु त्यास आपल्या घरीं बोलावून, आपल्या शेजारीं बसवून, चार गोष्टी प्रेमानें सांगणारा वडील मंडळींत कोण आहे? आणि तो तयार झाला म्हणजे त्यास दुसऱ्या गांवीं आनंदानें पाठवील असा कोण आहे? फळ हिरवें असतां तोडून टाकणाऱ्यास त्याची गोडी कधींच कळत नाहीं.