सेमूर क्रे : वेगाचा ध्यास आणि वेगाची सीमा

संगणकाची शक्ती दर दोन वर्षांनी दुप्पट होणार, हे आपण गेल्या अर्धशतकात ऋतुचक्राइतकेच गृहीत धरले. चिपवरील सूक्ष्म घटकांची संख्या ठराविक काळाने दुप्पट होते, असे निरीक्षण गॉर्डन मूर यांनी १९६५ साली मांडले व १९७५ साली सुधारून घेतले. त्यास पुढे ‘नियम’ हे भारदस्त नाव मिळाले. वस्तुतः तो निसर्गनियम नव्हे. मानवी श्रम, भांडवल आणि बाजारपेठ यांच्या हिशेबाचा तो परिणाम होय. हा हिशेब कोठे जुळतो आणि कोठे फसतो, हे समजून घ्यावयाचे तर महासंगणकाचे जनक सेमूर क्रे यांच्या चरित्राकडे वळावे. २०२५ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या लहान गावी २८ सप्टेंबर १९२५ रोजी क्रे यांचा जन्म झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात बिनतारी संदेशाचे काम केल्यावर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५१ साली गणितातील पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. ‘कंट्रोल डेटा’ ही कंपनी १९५७ साली स्थापन झाली व क्रे लवकरच तिचे प्रमुख रचनाकार बनले. सभा, अहवाल, पाहुणे यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. अखेर कंपनीने त्यांची प्रयोगशाळा मुख्य कचेरीपासून दूर, चिपेवा फॉल्स येथेच उभारून दिली.

याच प्रयोगशाळेतून १९६४ साली ‘६६००’ हा संगणक बाहेर पडला. सेकंदाला सुमारे ३० लाख आज्ञा पार पाडणारे ते जगातील सर्वांत वेगवान यंत्र ठरले. ते रचणाऱ्या प्रयोगशाळेत शिपाई धरून अवघी ३४ माणसे होती. हजारो तंत्रज्ञ पदरी असलेल्या आय.बी.एम. कंपनीच्या प्रमुखांनी या गोष्टीचा आपल्या सहकाऱ्यांस लेखी जाब विचारला होता.

१९७२ साली क्रे यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ साली पहिला ‘क्रे-१’ लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत बसविला गेला. त्याची कमाल शक्ती सेकंदाला १६ कोटी आकडेमोडींची. किंमत सुमारे ८० लाख डॉलर. या यंत्राच्या रचनेतच वेगाच्या मर्यादेचे सारे शास्त्र सामावले होते. विजेचा संदेश कितीही धावला तरी प्रकाशाच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात तो फार तर ३० सेंटिमीटर अंतर कापणार. यंत्राचा एक ठोका १२.५ अब्जांश सेकंदांचा असल्याने लांब तार म्हणजे फुकट गेलेला वेळ. म्हणून क्रे यांनी एकही तार चार फुटांहून लांब ठेवली नाही आणि यंत्रास अर्धवर्तुळाकार आकार दिला. परंतु घटक जवळ आणावेत तर उष्णता कोंडते. ती काढण्यासाठी शीतकपाटातील फ्रीऑन वायू योजावा लागला. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सारी मंडले द्रवात बुडवून ठेवावी लागली. वेगाची प्रत्येक पुढील पायरी मागीलपेक्षा महाग पडत होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी यास घटत्या फलाचा नियम म्हणेल.

क्रे यांनी हा इशारा मानला नाही. मोजक्याच, परंतु अतिवेगवान प्रक्रियकांवर त्यांची श्रद्धा होती. शेत नांगरण्यास दोन दणकट बैल बरे की हजार कोंबड्या, ही उपमा त्यांच्या नावावर सांगितली जाते. ‘क्रे-३’ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड निवडले. त्यातून इलेक्ट्रॉन अधिक वेगाने धावतात. परंतु ते ठिसूळ, महाग आणि घडविण्यास अवघड. उलट सिलिकॉनच्या चिप लाखोंनी खपत होत्या आणि त्या खपातूनच त्यांच्या सुधारणेचा खर्च निघत होता. ‘क्रे-३’ ग्राहकाच्या जागी पोहोचला तो एकच. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मोटार अपघातात जबर जखमी होऊन ५ ऑक्टोबर १९९६ रोजी क्रे यांचे निधन झाले. पुढच्याच डिसेंबरात, सात हजारांहून अधिक साध्या पेंटियम प्रो चिप जोडून बनविलेल्या यंत्राने सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा ओलांडला. कोंबड्यांनी शेत नांगरले होते.

या वादाचा धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. भारतास हवा होता तेवढा शक्तिमान क्रे महासंगणक देण्यास १९८० च्या दशकात अमेरिकन शासनाने नकार दिला. हवामानाच्या अंदाजासाठी कमी शक्तीचा तेवढा मिळाला. तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. ब्रिटिश बनावटीच्या, बाजारात सहज मिळणाऱ्या चिप एकमेकींस जोडून तो घडविला होता. नकारातून सापडलेली ही वाटच पुढे जगाची वाट ठरली.

तथापि क्रे सर्वस्वी चुकले, असेही म्हणवत नाही. २००४ च्या सुमारास स्वस्त चिपही त्याच उष्णतेच्या भिंतीवर आदळली. घटक लहान होत गेले, पण गळणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे दाब त्या प्रमाणात कमी करता येईना आणि ठोक्यांच्या वेगाची घोडदौड थंडावली. तेव्हापासून एका चिपवर अनेक प्रक्रियक बसविले जात आहेत. परंतु शंभर परीक्षक नेमले तरी शेवटची उत्तरपत्रिका हाती आल्याखेरीज निकाल लागत नाही. कामाचा दशांश भाग जरी एकामागून एकच करावयाचा असला, तरी हजार प्रक्रियक जोडूनही एकूण वेग दहापटींच्या पुढे जात नाही. क्रे यांचा दणकट बैल आजही हवाच आहे. तो मिळत नाही, इतकेच.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कारखाने अवश्य उभारावेत. परंतु सर्वांत सूक्ष्म चिपच्या शर्यतीत प्रत्येक पायरी महाग होत जाणार, हे क्रे यांच्या दिवाळखोरीने दाखवून दिले आहे. यंत्राचा वेग आपोआप वाढेनासा झाला की चांगल्या आज्ञावलीचे आणि चांगल्या गणिताचे मोल वाढते. ‘परम’ ने आपल्याला हेच शिकविले होते. या निधीच्या बरोबरीने गणिताच्या वर्गांकडे, शिक्षकांच्या रिकाम्या जागांकडे आणि विद्यापीठांतील संशोधनाकडेही पैसा वळला पाहिजे. वेगाची सीमा ओलांडता येत नसेल तेव्हा बुद्धीनेच तिला वळसा घालावा लागतो.