हॅरिएट टबमनना भेटलेल्या रमाबाई

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले. भावासोबत देशभर पायी भटकंती, संस्कृत विद्वत्तेबद्दल कोलकात्यात गौरव, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच १८८२ मध्ये वैधव्य आणि १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, हा चरित्रक्रम परिचित आहे. धर्मांतराच्या वादाने मात्र त्यांचे इतर पुष्कळ काही झाकोळले. अमेरिकेतील वास्तव्य त्यांपैकीच एक.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या. गुलामगिरी कायद्याने संपून तेथे जेमतेम वीस वर्षे लोटली होती. गुलामीत जन्मलेली माणसे हयात होती. हॅरिएट टबमन त्यांपैकीच. मेरीलँडमधून १८४९ मध्ये निसटलेल्या या स्त्रीने जिवावर उदार होऊन पुन्हा पुन्हा तेथे जात सुमारे ७० जणांची सुटका केली होती. रमाबाई त्यांना प्रत्यक्ष भेटल्या आणि ही हकिगत त्यांनी पत्रातून आपल्या चिमुकल्या मनोरमेला कळवली. गुलामीचा पाठ त्या मुलीला मिळाला तो असा, ती भोगलेल्या स्त्रीला भेटून आलेल्या आईकडून.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता. पण तो दुरून केलेला नमस्कार होता. रमाबाईंनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकाला डोळ्यांनी पाहिल्याचा आधार आहे. गुलामगिरीविरोधी चळवळीतील स्त्रियांचे कार्य त्यांनी आवर्जून नोंदवले. वर्णद्वेष उरलाच आहे, हेही लपवले नाही. दौंड-शिरूरच्या शाळांत अमेरिकन गुलामगिरी शिकवताना हा समकालीन मराठी दस्तऐवज मुलांसमोर ठेवता येईल. अर्थात विधवेचे दास्य आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसाचे दास्य एकच नव्हे, हेही सांगावे लागेल.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. धर्मप्रसाराच्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुली घरी नेल्या गेल्या. त्यानंतरच्या दुष्काळांत रमाबाईंनी निराधार मुली-स्त्रिया केडगावी आणल्या. तेथे त्या विणकाम, शेती, छपाई शिकल्या. नव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आईच्या कामात खांद्याला खांदा लावणाऱ्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये निवर्तल्या. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिलला, रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला.