रॉबर्ट कॉख : जनावरांच्या रोगांचा माग काढणारे डॉक्टर

रॉबर्ट कॉख (1843–1910) हे प्रशियातल्या एका लहान गावचे सरकारी डॉक्टर. काळपुळीने मेलेल्या जनावरांचे रक्त उंदरांना टोचून त्यांनी 1876 मध्ये त्या रोगाचा जिवाणू सिद्ध केला. 1882 मध्ये क्षयाचा जिवाणू शोधला. क्षयाची गाय वरून धडधाकट दिसू शकते. कत्तलखान्यात फुप्फुसाजवळच्या गाठी कापल्या की मात्र पिवळट, चुनखडीसारखे दाणे दिसतात. त्या दाण्यांमागचे कारण आता कळले. अशी गाय सापडली की ती कोणत्या गोठ्यातली, हे शोधून उरलेली गुरे तपासता येतात.

1897 मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बुळकांडीवरचे काम सोडून ते प्लेगसाठी मुंबईत आले. पुण्यात 1889 मध्ये सुरू झालेली जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा तोवर मुक्तेश्वरला हलली होती. कॉख तिथेही गेले.

पुढे मात्र ते चुकले, आणि चूक साधी नव्हती. गुरांचा क्षय माणसाला क्वचितच होतो, तेव्हा त्यासाठी दूध-मांसावर निर्बंध नकोत, असे त्यांनी 1901 मध्ये लंडनच्या परिषदेत मांडले. एवढ्या मोठ्या माणसाचे म्हणणे! ब्रिटनने लगेच चौकशी आयोग नेमला. हा क्षय दुधातून मुलांना होतो, असे आयोगाने 1907 मध्ये सांगितले. 1908 मध्ये वॉशिंग्टनलाही कॉख आपल्या मतावर ठाम होते.