रायफायझेन : शेजारगावांची पत एकत्र बांधणारा पुरुष

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून त्यांच्याकडील खते व रोखे काढून घेऊन जाळले, आणि पाहता पाहता ही आग पुणे व नगर जिल्ह्यांत पसरली. हा इतिहास आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्याच सुमारास जर्मनीतील नॉयविड नावाच्या लहानशा शहरात एक जवळजवळ अंध झालेला, सेवानिवृत्त ग्रामाधिकारी ह्याच रोगावर निराळे औषध सिद्ध करीत बसला होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या कानी आली असेल. त्यांचे नाव फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन. आज आपल्या खेड्यापाड्यांतून ज्या पतसंस्था व विविध कार्यकारी सोसायट्या दिसतात, त्यांची वंशावळ काढू गेल्यास ती ह्या गृहस्थापाशी जाऊन पोहोचते.

रायफायझेन ह्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम ह्या गावी झाला. नऊ भावंडांत ते सातवे. वडील शेतकरी असून काही काळ गावचे प्रमुखही होते. पण पुढे कुटुंबाची स्थिती खालावली आणि मुलांचा सारा भार आईवर पडला. उच्च शिक्षणास पैसा नव्हता. गावच्या धर्मोपदेशकाने ह्या मुलास आपल्या घरी शिकविले, आणि तेवढ्या शिदोरीवर सतराव्या वर्षी ते तोफखान्यात भरती झाले. लष्करात त्यांची चढती कमान होती. परंतु डोळ्यांच्या विकाराने घात केला आणि १८४३ साली त्यांस ती नोकरी सोडावी लागली. मुलकी खात्यात उमेदवारी केल्यावर १८४५ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांची वायरबुश येथे नेमणूक झाली.

ह्या हुद्द्याचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. तेथे एकेका गावाचा कारभार वेगळा असला तरी जवळजवळची वीसपंचवीस खेडी मिळून एक अधिकारी नेमलेला असे. त्यास पाटील म्हणावे तर त्याचा अंमल अनेक गावांवर, आणि मामलेदार म्हणावे तर त्याचा अधिकार तोकडा. रायफायझेन ह्यांच्या साऱ्या विचाराचे बीज मला ह्या हुद्द्यातच दिसते. एका गावात राहणाऱ्यास आपल्याच गावाचे दुःख दिसते. ह्यांच्या दप्तरात मात्र वीसांहून अधिक गावांची दुःखे एकाच वेळी येऊन पडत, आणि एका गावी जे उणे आहे ते कित्येकदा शेजारच्या गावी आहे, हेही दिसून येई.

झीग व ऱ्हाइन ह्या नद्यांमधील वेस्टरवाल्ड हा डोंगराळ प्रदेश हलक्या जमिनीचा आणि कडक थंडीचा. बटाट्याला लागलेली कीड आणि बुडालेले धान्य ह्यांमुळे १८४६-४७ चा हिवाळा उपासमारीचा ठरला. सरकारने धान्य पाठविले. पण ते रोख पैसे घेऊनच द्यावे असा हुकूम होता. ज्याच्यापाशी पैसा आहे तो उपाशी नाही, आणि जो उपाशी आहे त्याच्यापाशी पैसा नाही, ही साधी गोष्ट हुकूम काढणाऱ्यांच्या ध्यानी आली नसावी. सरकारी हुकूम आणि भुकेली माणसे ह्यांत कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न ह्या तरुण अधिकाऱ्यापुढे उभा राहिला, व त्याने आपल्या जबाबदारीवर ते धान्य उधारीने वाटले. वरिष्ठांचा रोष पत्करला. मग सुखवस्तू लोकांकडून वर्गणी जमवून धान्य खरेदीसाठी एक मंडळी स्थापन केली, सार्वजनिक भट्टी बांधली, आणि तीत भाजलेला पाव बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत गरिबांस मिळू लागला. पैसे पुढील सुगीनंतर द्यावयाचे होते.

पाव मिळाला तरी मूळ दुखणे राहिलेच. डोंगरात पिकलेला माल विकावयाचा तर तो ऱ्हाइनकाठच्या बाजारास पोहोचला पाहिजे, आणि वाटा तर अशा की पावसाळ्यात गाडीची चाके आसापर्यंत रुतावी. एका गावाने आपल्या शिवेपुरता रस्ता केला तरी पुढच्या गावाची हद्द लागताच पुन्हा चिखलच. रायफायझेन ह्यांनी हा रस्ता गावागावांच्या हद्दींतून एकसंध नेण्याचा ध्यास घेतला. योगायोग असा की, त्यांच्या बदल्याही जणू त्याच रस्त्याने झाल्या: वायरबुशहून १८४८ साली फ्लामर्सफेल्ड, आणि तेथून १८५२ साली ऱ्हाइनच्या अगदी जवळचे हेडेसडॉर्फ. जेथे गेले तेथे त्यांनी त्या रस्त्याचा पुढचा टप्पा हाती घेतला. हामपासून नॉयविडपर्यंतचा तो मार्ग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चरित्रकार त्यांच्या बँकांविषयी भरभरून लिहितात आणि रस्त्यास दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो रस्ता हीच त्यांची पहिली सहकारी संस्था वाटते.

फ्लामर्सफेल्ड येथे त्यांच्या अंमलाखाली तीसांहून अधिक गावे आली. तेथे त्यांच्या दृष्टीस जो प्रकार पडला, तो आपल्याकडील वाचकांस मुळीच परका वाटणार नाही. गरीब शेतकऱ्याचे स्वतःचे जनावर नसे. व्यापारी त्यास आपली गाय पोसावयास देई. शेतकऱ्याने तिला चारा घालावा, गोठ्यात ठेवावे, आणि ती दुभती वा धष्टपुष्ट झाली की नफ्याचा मोठा वाटा व्यापाऱ्याने न्यावा. वर कर्जाचे व्याज असेच. एकदा ह्या फेऱ्यात सापडलेला शेतकरी शेवटी जमिनीसही मुके. रायफायझेन ह्यांनी १८४९ च्या डिसेंबरात सुमारे साठ सधन गृहस्थांस एकत्र आणून त्यांच्याकडून एक विलक्षण गोष्ट मान्य करून घेतली: मंडळाने काढलेल्या कर्जास प्रत्येकाने आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार राहावे. ह्या एकत्रित हमीवर पैसा स्वस्त मिळाला. त्यातून गायी खरेदी करून त्या गरजूंस दिल्या, आणि किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडून घेतली. एकेकट्याची पत कवडीमोल असते, पण साठांनी मिळून दिलेल्या शब्दास सराफही मान देतो, हा त्यांचा पहिला मोठा अनुभव.

हेडेसडॉर्फ येथे १८५४ साली त्यांनी जी संस्था काढली तिचे उद्देश फारच विस्तृत होते. अनाथ मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांस काम मिळवून देणे, वाचनालय, आणि त्यांच्या जोडीला कर्जवाटप. हळूहळू बाकीची कामे गळाली व कर्जवाटप तेवढे उरले. त्यापुढे आणखी एक कटु सत्य दिसले. परोपकारबुद्धीने आलेल्या श्रीमंतांचा उत्साह चारदोन वर्षांत ओसरतो. ज्यांस कर्ज हवे ते तर संस्थेचे सभासदच नाहीत. मग संस्था चालवावी कोणी? धर्मादायावर जन्मभर श्रद्धा ठेवणाऱ्या ह्या श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थास ही कबुली सोपी नव्हती. तरी १८६२ मध्ये अनहाउझेन ह्या खेड्यात आणि १८६४ मध्ये खुद्द हेडेसडॉर्फ येथे त्यांनी नवा नियम घालून दिला: कर्ज हवे असेल त्याने सभासद व्हावे आणि इतरांच्या कर्जाची जोखीमही उचलावी. दान संपले आणि सहकार सुरू झाला तो येथे.

ह्या संस्थांची घडण अशी होती की, एका संस्थेचे क्षेत्र एका लहान गावापुरते. कोण कष्टाळू आहे, कोण दारूत बुडाला आहे, कोणाची गाय नुकतीच मेली, हे शेजाऱ्यास ठाऊक असते. म्हणून मालमत्तेच्या गहाणापेक्षा चांगल्या जामिनांवर भर. भागभांडवल नाही किंवा असल्यास नाममात्र. नफा वाटून न घेता अविभाज्य निधीत टाकावयाचा. कारभारी मंडळींनी वेतन घ्यावयाचे नाही. पगार फक्त हिशेबनिसास. कर्ज कशासाठी हे पाहून मगच द्यावयाचे, आणि शेतीच्या उत्पन्नातून फिटेल इतकी मुदत द्यावयाची.

ह्याच काळात त्यांच्या संसारावर आघातामागून आघात झाले. १८४५ साली विवाह होऊन घरी आलेली पत्नी एमिली १८६३ मध्ये निवर्तली. काही अपत्ये तत्पूर्वीच गेली होती. दृष्टी मंदावत चालली होती, प्रकृती ढासळली होती. अखेर १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांस तुटपुंज्या वेतनावर निवृत्त व्हावे लागले. पोटासाठी त्यांनी सिगार तयार करण्याचा कारखाना काढून पाहिला, पुढे दारूचा व्यापार केला. ह्या सर्व काळात थोरली कन्या आमालिये हीच त्यांचे डोळे झाली. ती वाचून दाखवी, पत्रे लिही, मजकूर उतरून घेई. ती जन्मभर अविवाहित राहिली. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या रायफायझेन ह्यांच्या ग्रामीण पतसंस्थांवरील ग्रंथाने त्यांचे नाव जर्मनीभर केले. पण त्या ग्रंथामागे ह्या मुलीचे किती श्रम आहेत ह्याचा हिशेब कोणत्याच खतावणीत मांडला गेला नाही.

आता ज्या कार्यासाठी मी हे चरित्र लिहावयास घेतले त्याकडे वळतो. लहान गावची संस्था विश्वासाने बळकट, पण पैशाने दुबळी. पेरणीच्या दिवसांत सर्वांस एकदमच कर्ज हवे असते आणि सुगीनंतर सर्वांचाच पैसा एकदम येतो. शिवाय गारपिटीने एक खोरे बुडाले तर त्या खोऱ्यातील संस्थेने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? उलट द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात पैसा येण्याची वेळ निराळी, धान्याच्या प्रदेशात निराळी, गुराढोरांवर जगणाऱ्या डोंगरात निराळी. एका प्रदेशातील पडून राहिलेला पैसा दुसऱ्या प्रदेशाच्या नडीस उपयोगी पडावा म्हणून १८७२ साली त्यांनी नॉयविड येथे ऱ्हाइन प्रांतातील ग्रामसंस्थांची मिळून एक बँक स्थापिली. १८७४ पर्यंत वेस्टफालिया व हेस येथेही अशाच बँका निघून त्या तिन्हींच्या माथ्यावर एक सर्वसाधारण बँक आली.

येथे एका दिग्गजाशी गाठ पडली. शहरांतील कारागीर व दुकानदार ह्यांच्या पतपेढ्यांचे जनक शुल्झे-डेलिच ह्यांनी ह्या रचनेवर कडाडून हल्ला चढविला. एका खेड्यातील शेतकऱ्यावर अमर्याद जबाबदारी. ते खेडे प्रांताच्या बँकेत अमर्याद जबाबदार. ती बँक पुन्हा वरच्या बँकेत. एवढी उतरंड कोसळली तर खालच्या मडक्याचे काय? आक्षेप उगीच नव्हता, हे मान्य केले पाहिजे. प्रशियाच्या सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे मत ग्रामसंस्थांविषयी बहुतांशी अनुकूल पडले, तरी संस्थांच्या संस्थेस तत्कालीन कायद्याचा आधार सापडेना, व त्या बँका मोडाव्या लागल्या. रायफायझेन ह्यांनी हेका धरला नाही. १८७६ साली त्यांनी मध्यवर्ती बँक भागीदारी कंपनीच्या कायद्याखाली पुन्हा उभी केली, आणि १८७७ साली ग्रामसंस्थांची तपासणी व मार्गदर्शन करणारा संघ निराळा स्थापिला. खते, बी-बियाणे, अवजारे ह्यांची एकत्र खरेदीही ह्याच जाळ्यातून वाढली.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. सर्व सूत्रे नॉयविड येथे आपल्या हाती असावीत अशी त्यांची वृत्ती उतारवयात वाढली. हेसमधील विल्हेल्म हास ह्यांस प्रांतोप्रांतीचे संघ स्वतंत्र असावेत असे वाटे, आणि ते निराळे झाले. माझ्या अल्प मतीप्रमाणे ह्या वादात हास ह्यांची बाजू अधिक सरस होती. शेजाऱ्यांची भागीदारी ती भागीदारी, तिला धनी नसावा. दुसरा दोष ह्याहून गंभीर आहे. त्या भागातील गुरांचे व्यापारी व सावकार ह्यांत ज्यू लोक पुष्कळ होते, आणि रायफायझेन ह्यांच्या लेखनात काही ठिकाणी सावकारीचा राग साऱ्या ज्यू समाजावर ओतलेला आढळतो. पुढील शतकात त्या देशात ह्या द्वेषाचे काय झाले हे जगाने पाहिले. ज्ञातिसंस्थेच्या पानांवर हे चरित्र छापताना तेवढा भाग झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही.

११ मार्च १८८८ रोजी नॉयविड येथे त्यांचा अंत झाला. सत्तरी पूर्ण व्हावयास एकोणीस दिवस उरले होते. त्या वेळी त्यांच्या संघात चारशेहून अधिक ग्रामसंस्था होत्या.

आपल्याकडे सुप्याच्या दंग्यानंतर विल्यम वेडरबर्न ह्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली होती, पण तिला विलायतेत मंजुरी मिळाली नाही. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन ह्यांस युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करावयास सांगितले. १८९५ व १८९७ साली दोन भागांत निघालेल्या त्यांच्या अहवालात रायफायझेन ह्यांच्या पद्धतीचाच पुरस्कार होता, आणि १९०४ च्या कायद्याने ग्रामीण सोसायट्यांस अमर्याद जबाबदारीचे तत्त्व लागू झाले. परंतु नॉयविडचा धडा आपण अर्धाच घेतला होता. गावोगावच्या सोसायट्यांनी मिळून संघ किंवा मध्यवर्ती बँक काढावी ह्याची ह्या कायद्यात तरतूद नव्हती. ती १९१२ च्या कायद्याने झाली. त्यानंतर जिल्हा बँका उभ्या राहिल्या. १९२३ साली नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी एक पतसंस्था काढली. त्यांनी व धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरेच्या कालव्यावरील गावोगावच्या बागायतदारांस एकत्र करून १९५० च्या अखेरीस जो साखर कारखाना सुरू केला, त्यात एकाही गावाच्या शेतकऱ्यास तो एकट्याने काढता आला नसता.