वसईचे संत गोन्सालो गार्सिया

हुतात्मा या शब्दाचा अर्थ वडूजच्या लोकांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. 9 सप्टेंबर 1942 रोजीं येथील मामलेदार कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जणांनीं देशासाठीं देह ठेविला. आपल्या ख्रिस्तसभेंतही श्रद्धेसाठीं प्राण वाहणाऱ्यांची मोठी मालिका आहे, आणि तींतील एक पुरुष आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मलेला आहे. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. या महोत्सवप्रसंगीं त्यांचें अल्प चरित्र भाविकांपुढें ठेवीत आहों.

गोन्सालो यांचा जन्म 1556 च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता या देशचीच. बालपणीं येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें व 1572 मध्यें, पंधरा-सोळा वर्षांचे असतां, ते त्यांच्याबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम प्रकारें हस्तगत केली आणि सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. त्या संघांत आपणांस घ्यावें ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु ती पुरी झाली नाहीं.

येथें त्यांच्या भक्तीची पहिली कसोटी लागली. ज्याची सेवा मानासाठीं असते, तो अशा वेळीं देवावर रुसून बसतो. गोन्सालो व्यापारांत शिरले व त्यांत त्यांना यशही लाभलें. पण देवाची ओढ कमी झाली नाहीं. पुढें मनिला शहरीं त्यांनीं धनसंपत्तीचा त्याग करून फ्रान्सिस्कन संघांत साध्या धर्मबंधूचें व्रत घेतलें. धर्मगुरुपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. वेदीपाशीं उभें राहून मिस्साबलि अर्पण करणें त्यांच्या वांट्यास नव्हतें. आपलें आयुष्य मात्र त्यांनीं निःशेष अर्पण केलें.

1593 मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या मंडळींत दुभाषी म्हणून ते पुनः जपानांत आले. हिदेयोशी हा तेव्हां तेथील सर्वसत्ताधीश होता. क्योतो नगरांत या मंडळींनीं मठ बांधिला व महारोग्यांसाठीं रुग्णालयें उघडिलीं. दुसऱ्याचा उपदेश आपल्या मुखानें लोकांस पोंचविणें हें गोन्सालो यांचें काम. त्यांत नांवलौकिक थोडा आणि श्रम फार. तरी तें त्यांनीं निष्ठेनें केलें.

1596 मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्या प्रकरणांतून हिदेयोशीचा संशय व रोष वाढला, आणि डिसेंबरांत या बंधूंस व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांस कैद झाली. जानेवारी 1597 मध्यें त्यांच्या डाव्या कानांचा भाग छाटून त्यांची धिंड काढण्यांत आली. नंतर कडाक्याच्या थंडींत सुमारें महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेलें. वाटेंत आणखी दोघे त्यांत घातले गेले व संख्या सव्वीस झाली. त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसांवर बांधून भाल्यांनीं विंधिलें. प्रथम क्रूसावर चढण्याचा मान गोन्सालो यांस मिळाला, असें परंपरा सांगते.

पोप आठवे उर्बान यांनीं 1627 मध्यें या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केलें व पोप नववे पायस यांनीं 8 जून 1862 रोजीं त्यांना संतपद दिलें. भारतांत जन्मून संतपदास पोंचलेले गोन्सालो हे पहिले होत.

प्रिय बंधुभगिनींनो, क्रूसावरचें हें बलिदान एका दिवसांत घडलें नाहीं. नकार सोसून, नफा सोडून आणि महारोग्यांजवळ राहून गोन्सालो यांनीं त्याची तयारी वर्षानुवर्षें केली होती. आपल्यापुढें भाला नाहीं. पण रविवारच्या मिस्सेंत भाकर व द्राक्षारस अर्पण होत असतां आपणही कांहीं वाहतों काय, हा प्रश्न प्रत्येकापुढें आहेच. शेजाऱ्याशीं असलेलें जुनें वैर, हिशेबांतील खोटेपणा, आजारी माणसासाठीं न दिलेला वेळ, यांतून अर्पणाचा आरंभ करतां येतो. जी उपासना देवळाच्या उंबऱ्याबाहेर येत नाहीं, ती अपुरी होय.

संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंती करा.