खोपोलीची वीज, केंब्रिजचा ध्यास आणि प्रकाशकणाचे अंतरंग

खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या वीजघरात १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाट उतरून आले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. टाटा उद्योगाची धुरा तेव्हा सर दोराबजी टाटा यांच्याकडे होती. त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांचा भाचा होमी जहांगीर भाभा त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता.

या मुलाने अभियंता व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये त्याला केंब्रिजला धाडले ते त्यासाठीच. तेथे मात्र पदार्थविज्ञानाने त्याला झपाटले. वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च करू. १९३० मध्ये होमीने अट पुरी केली आणि वडिलांनी शब्द पाळला. भारतीय विज्ञानावर त्यांचे हे उपकारच म्हणायला हवेत.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी मांडले. ती प्रक्रिया आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून ओळखली जाते. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. इलेक्ट्रॉनपासून फोटॉन, फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीपासून पुन्हा फोटॉन, अशी ती साखळी असते.

फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. तो इलेक्ट्रॉनचीच नव्हे, तर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचीही जोडी क्षणमात्र धारण करतो. त्यांच्यासोबत ग्लुऑनही असतात. क्वार्कची कल्पनाच १९६४ मध्ये आली, त्यामुळे भाभांच्या उमेदीच्या काळात हा विचार संभवतच नव्हता. फोटॉनच्या या अंतरंगाचे पहिले मापन १९८१ मध्ये हॅम्बुर्ग येथे झाले. पुढे पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी मानुएल ड्रीस यांच्यासमवेत या विषयात मोलाचे काम केले.

१९३९ मध्ये भाभा सुटीवर मायदेशी आले, युद्ध पेटले आणि परतणे राहिले. १९४४ मध्ये त्यांनी दोराबजींच्याच नावाच्या न्यासाकडे संशोधन संस्थेसाठी साहाय्य मागितले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९५६ मध्ये तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली.

२४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाकडे उतरणारे त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्याच जिनिव्हालगत १९८९ मध्ये ‘लेप’ हे यंत्र सुरू झाले. त्यात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींतून फोटॉनमधील क्वार्क तपासले गेले आणि त्या टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी भाभा स्कॅटरिंगचाच आधार घेण्यात आला.